बीड वाजवून कळतं, पत्रा नाही

आलेलं पत्र:

काका, नमस्कार. मी कोल्हापुरात मंगळवार पेठेत राहते आणि हातकणंगल्याजवळच्या एका शाळेत शिकवते. रोज जाऊन-येऊन ४४ किलोमीटर. आठ वर्षं हा प्रवास एसटीनं आणि वडापच्या जीपनं केला. आता साठवलेल्या पैशांत थोडं कर्ज घालून गाडी घ्यायची ठरवली आहे, साधी, छोटी, पेट्रोलवरची. घरात बोलले आणि दुसऱ्या दिवशी अख्ख्या गल्लीला कळलं. सासरे म्हणतात, घ्यायची तर डिझेलच. पुण्याला असणारे दीर म्हणतात, ‘वहिनी, डबी घेऊ नका, रस्त्यावरनं गेली की माणसानं वळून बघाय पायजे.’ सासऱ्यांचे मित्र शोरूमला बरोबर आले होते, त्यांनी बॉनेटवर बोटं वाजवली आणि म्हणाले, ‘पत्रा न्हाई ह्येला.’ आमच्या ह्यांचं म्हणणं, तेवढ्याच पैशात पाच-सहा वर्षं जुनी मोठी गाडी येते. शेजारचा मुलगा सनरूफ सोडून बोलत नाही. सासूबाई एवढंच म्हणाल्या, ‘मी मागं बसतो, पण माझं गुडघं बघून घे.’ लायसन काढून चार वर्षं झाली, पण हात बसलेला नाही. त्यामुळं हेही कानावर येतं की ‘चालवणार तर तोच, मग त्यालाच ठरवू दे.’ दसऱ्याला गाडी दारात यावी अशी इच्छा आहे. कुणाचं ऐकू?
– एक शिक्षिका, मंगळवार पेठ

ताई,

गाडी तुमच्या नावावर घ्या, पेट्रोलचीच घ्या आणि स्टिअरिंगवर तुम्हीच बसा. हे आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढचं निवांत वाचता येईल.

मी एकतीस वर्षं शिरोलीतल्या एका फाउंड्रीत काढली. मोल्डिंगला लागलो आणि तपासणीतून निवृत्त झालो. आपल्या गावात गाडीवर मत नसलेला माणूस सापडत नाही, आणि ती मतं हवेतनं आलेली नाहीत. इथले जुने कारागीर म्हादबा मेस्त्री यांच्या काळापासून इथल्या हातांना इंजिन ठाऊक आहे. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल इथनं सिलिंडर हेड, फ्लायव्हील, ब्रेक ड्रम, गिअरबॉक्सची हाउसिंग देशभरच्या वाहन कारखान्यांकडं जातात. पण या धंद्यात मी एक गोष्ट पाहिली. ज्याच्या हातनं जो भाग गेला, त्याला गाडी तेवढीच दिसते. मोल्डरला ब्लॉक दिसतो, फिटरला गिअर दिसतो, फायनान्सवाल्याला हप्ता. तुमच्या घरातलं प्रत्येक मत त्या त्या माणसाच्या जागेवरनं खरं आहे. त्यातलं किती तुमच्या ४४ किलोमीटरला लागू पडतं, एवढंच आपण बघू.

सुरुवात बॉनेट वाजवणाऱ्या मित्रांपासून करतो, कारण ती सवय माझ्या माहितीची आहे. त्यांना हसू नका. फाउंड्रीत कास्टिंग थंड होऊन साफ झालं की लटकवून हातोडीनं हलकी टिचकी मारायची आणि ऐकायचं. एसजी म्हणजे चिवट जातीचं बीड, ओतीव लोखंड. त्याचं धड कास्टिंग घंटेसारखं वाजतं, आवाज घुमत राहतो. आत तडा असला की बद्द वाजतं. मी वर्षानुवर्षं असे ढिगांनी भाग कानानं निवडले आहेत. बीड वाजवून कळतं. तोच हात माणूस शोरूममध्ये घेऊन जातो आणि बॉनेटवर टकटक करतो. पत्र्याला मात्र हा न्याय लागत नाही.

बॉनेट म्हणजे गाडीचा सदरा. बाहेरचा पत्रा स्वस्त गाडीचा असो की महाग, मिलिमीटरपेक्षा पातळच असतो. धडकेत माणूस वाचतो तो आतल्या सांगाड्यामुळं, म्हणजे दारांमधले खांब, छताच्या कडा, पायाखालचे आडवे-उभे पोलादी पट्टे यांच्यामुळं. गाडीचा पुढचा भाग तर मुद्दाम चुरगळावा असाच केलेला असतो. धडकेचा जोर तिथं मुरला की बसायची खोली शाबूत राहते. जुन्या जाडजूड गाड्या ठोकल्यावरही ताठ उभ्या दिसायच्या, आणि न मुरलेला तो जोर आतल्या माणसाच्या छातीवर यायचा. ‘गाडीला काय सुद्धा झालं न्हाई’ असं कौतुकानं सांगितलेली कितीतरी वाक्यं मी ऐकली आहेत. पुढचं वाक्य दवाखान्याचं असायचं.

म्हणून पत्रा वाजवायचा सोडा आणि सेल्समनला विचारा: भारत एनकॅपचे स्टार किती? ही आपल्या देशाची चाचणी १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झाली. त्यात गाडी ताशी ६४ किलोमीटरनं समोरच्या अडथळ्यावर आपटतात, बाजूनंही धडक देतात आणि मोठ्यांसाठी वेगळे, मुलांसाठी वेगळे स्टार देतात. दोन्ही आकडे विचारा. आणि तपासलेल्या गाडीत ज्या एअरबॅग होत्या त्या तुम्ही घेताय त्या मॉडेलमध्ये आहेत का, हे कागदावर बघा. मागच्या सीटला तिघांसाठीही खांद्यावरनं येणारे पट्टे आहेत का, तेही बघा. मागं बसणाऱ्यानं पट्टा लावणं कायद्यानं बंधनकारक आहे, तरी आपल्याकडं ‘जोतिबाला तर चाललोय’ म्हणून कुणी लावत नाही. मागच्या माणसानं पट्टा लावला नसेल तर धडकेच्या क्षणी तो पुढच्याच्या पाठीवर येतो. सासूबाईंना पहिल्या दिवसापासून पट्ट्याची सवय लावा, हे माझं हात जोडून सांगणं आहे.

आणि तुमच्या रस्त्याबद्दल एक. सांगली रस्त्यावर गळीत हंगामात पहाटे आणि अंधार पडताना उसाच्या ट्रॅक्टरमागं दोन-दोन ट्रॉल्या असतात, टेप मोठ्यानं लावलेला असतो आणि मागं लाल दिव्याचा पत्ता नसतो. सकाळच्या शाळेला निघताना ही ट्रॉली तुम्हाला दिसली पाहिजे. म्हणून टेस्ट ड्राइव्ह एकदा तरी संध्याकाळी सातनंतर घ्या आणि हेडलाइट कुठपर्यंत पोचतो ते बघा. माझ्या हिशेबात सनरूफपेक्षा ही गोष्ट शंभर पटीनं मोठी आहे. सनरूफ उघडून पोराला उभं करायचं आणि फोटो काढायचे, हे तर अजिबात करू नका.

आता डिझेल. सासरेबुवांचं म्हणणं एका काळी सोळा आणे खरं होतं. सरकार डिझेलचा भाव धरून ठेवायचं, पेट्रोलपेक्षा ते बरंच स्वस्त पडायचं, ॲव्हरेज जास्त आणि इंजिन दणकट. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे भाव मोकळे झाले आणि ती दरी आटली. मग १ एप्रिल २०२० पासून बीएस सहा हा धुराचा कडक नियम आला. आता डिझेल गाडीच्या धुराच्या वाटेत काजळी अडवणारी एक जाळी असते. ती भरली की आतली काजळी जाळून टाकावी लागते, आणि त्याला गरम धूर आणि बराच वेळ एकसारखा वेग लागतो. हायवेला पळणाऱ्या गाडीत हे आपोआप होतं. तावडे हॉटेल, शिरोली फाटा, हातकणंगल्याची गर्दी असं थांबत-थांबत जाणाऱ्या गाडीत ते अर्धवट राहतं आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो.

पैशाचा हिशेबही मांडू. वर्षाला शाळेचे २२० दिवस धरा, म्हणजे ९,६८० किलोमीटर. पेट्रोल १०५ रुपये आणि ॲव्हरेज १८ धरलं तर वर्षाला ५६ हजारांच्या आसपास जातात. डिझेल ९२ रुपये आणि ॲव्हरेज २२ धरलं तर ४० हजारांवर थोडे. वाचले सोळा हजार. गाडी घेतानाच सव्वा-दीड लाख जास्त मोजलेले असतील, तर ते वसूल व्हायला आठ-नऊ वर्षं. शिवाय छोट्या गाड्यांत डिझेल आता जवळजवळ उरलेलंच नाही. हा कागद सासऱ्यांसमोर ठेवा, वाद घालू नका. इंजिनवर हात काळे केलेला माणूस आकड्याला मान देतो. सीएनजी हवं असेल तर रोजच्या वाटेवर पंप कुठं आहे आणि त्याच्यापुढं रांग किती असते ते आधी आठ दिवस बघा, मग ठरवा.

कंपनी सांगते ते ॲव्हरेज मिळेल असं धरू नका. एमआयडीसी म्हटलं की आपल्याला शिरोली आठवते. पण ज्या चाचणीवर ॲव्हरेजचा आकडा निघतो, तिचंही लघुनाव एमआयडीसीच आहे, मॉडिफाइड इंडियन ड्रायव्हिंग सायकल. बंद खोलीत रोलरवर गाडी चालवतात, जेमतेम वीस मिनिटं, वेग ९० च्या वर जात नाही. त्यात शिरोलीचा सिग्नल नाही, ट्रॉली नाही, मे महिन्यातला एसी नाही. त्यात आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आहे. त्यातलं काही आपल्याच ऊसपट्ट्यातल्या कारखान्यांचं, त्यामुळं मला त्याचा अभिमान आहे, पण लिटरमागं इथेनॉलची ताकद पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांशानं कमी असते हेही खरं. म्हणून मी वर १८ धरलं. जास्त मिळालं तर आनंदच.

दिरांचं ‘डबी’ हे मत मला पटत नाही, पण त्यात एक खरी गोष्ट दडलेली आहे. तिच्याकडं शेवटी येतो. आधी टेप घ्या आणि तुमच्या दारासमोरची जागा मोजा. मंगळवार पेठेतल्या गल्ल्या मला माहीत आहेत. एका बाजूला नळाचं चेंबर, दुसऱ्या बाजूला कुणाची तरी बुलेट, आणि मधनं गाडी काढून पुन्हा दार उघडून उतरायचं असतं. गाडीची रुंदी आरशांसकट विचारा, पुस्तकात बहुतेक वेळा आरसे सोडून दिलेली असते. उंच दिसणाऱ्या बऱ्याचशा गाड्या मागून अचानक कापल्यासारख्या का दिसतात, ठाऊक आहे? चार मीटरच्या आतल्या गाडीला कर कमी, हा नियम २००६ पासून आहे. कापड कमी पडलं की शिंपी जसा झब्बा आखूड करतो, तशा त्या चार मीटरात बसवल्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून तर फरक आणखी वाढला: चार मीटरच्या आतली आणि १,२०० सीसीपर्यंतची पेट्रोल गाडी १८ टक्के जीएसटीत, मोठी ४० टक्क्यांत. म्हणजे वळून बघणाऱ्याच्या नजरेसाठी तुम्ही सरकारला दुपटीहून जास्त कर द्यायचा. वर्षातनं दोनदा फोंडा घाट उतरून कणकवलीला जायचं असो की पन्हाळ्याला, १,२०० सीसीची नीट ठेवलेली गाडी पाच माणसं घेऊन जाते. फक्त गिअर वेळेवर खाली टाकायला शिका.

जुन्या मोठ्या गाडीबद्दल मात्र थोडं सविस्तर लिहितो, कारण इथं मी स्वतः पोळलो आहे. २०२० मध्ये एका विक्रेत्याकडनं मी तीन वर्षं जुनी गाडी घेतली. चकचकीत होती, सीटना नवीन कव्हर होती, आतनं अत्तराचा वास येत होता. तो वास येताच मी मागं फिरायला हवं होतं. चार महिन्यांत खिडक्या आपोआप खालीवर व्हायला लागल्या, मग मीटर बंद पडला. मेकॅनिकनं चालकाच्या सीटचा पट्टा पार शेवटपर्यंत ओढला. पट्ट्याच्या तळाशी तपकिरी रेघ होती, बोटानं खरवडली की माती निघत होती. २०१९ च्या पुराचा गाळ. पट्टा गुंडाळून आत असतो, धुणाऱ्याचा हात तिथं पोचत नाही. जुनी गाडी बघायला गेलात तर चारही पट्टे शेवटपर्यंत ओढा, डिकीतली स्टेपनी काढून त्या खड्ड्यात हात फिरवा, सीटखालच्या नटांचा गंज बघा. २०१९ आणि २०२१ अशा दोन पुरांतल्या गाड्या या पट्ट्यात अजून फिरत असतील. शिवाय एप्रिल २०२३ च्या आधीच्या बऱ्याच गाड्यांचे रबरी पाइप आणि सील २० टक्के इथेनॉल धरून केलेले नाहीत, तो खर्चही तुमच्या ह्यांना सांगा. हे सगळं पारखून घेणारा ओळखीचा मेकॅनिक बरोबर असेल तर जुनी गाडी वाईट नसते. पण तुमची ही पहिली गाडी आहे आणि हात बसायचा आहे. तुम्हाला रोज सकाळी निमूट सुरू होणारी गाडी हवी.

नवीन गाडीच्या विम्यात इंजिनाचं संरक्षण देणारी जोड नक्की घ्या, कारण साध्या विम्यात पाणी शिरून बिघडलेलं इंजिन बसत नाही. आणि कधी गाडी पाण्यात उभी राहिलीच तर किल्ली फिरवू नका. सिलिंडरमध्ये पाणी गेलेलं असलं तर पिस्टनला ते दाबता येत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन संपतं. पाणी ओसरल्यावर ‘बघू तरी सुरू होते का’ म्हणून फिरवलेल्या एका किल्लीचं बिल लाखाच्या घरात जाऊ शकतं. टोचन करून गॅरेजला न्या.

विमा शोरूममधनंच घ्यायला हवा अशी सक्ती नाही. बाहेरचा दर आणून समोर ठेवा, त्यांचा बहुतेक वेळा उतरतो. हप्ता कमी दिसावा म्हणून सात वर्षांचं कर्ज गळ्यात घालतील. पाच लाख ९ टक्क्यांनी घेतलेत तर सात वर्षांत व्याज पावणेदोन लाख जातं, पाच वर्षांत सव्वा लाखाच्या आत. महिन्याचा फरक २,३०० रुपयांचा. तुमच्या पगारात झेपत असेल तर पाचच वर्षं घ्या.

आता तुमच्या पत्रातलं ते वाक्य: ‘चालवणार तर तोच.’ हे वाचून मला वाईट वाटलं, ताई. आठ वर्षं वडापमध्ये मागच्या फळीवर बसून तुम्ही शाळा गाठली. हे पैसे त्या आठ वर्षांचे आहेत. आरसी बुकावर नाव तुमचं आणि किल्ली तुमच्या पर्समध्ये, यात कुणाचा अपमान नाही. ह्यांना ते प्रेमानं सांगा, पण सांगा. हात बसायला एक महिना लागतो, जास्त नाही. पहाटे साडेपाचला विद्यापीठाच्या बाजूच्या रस्त्यावर नुसतं क्लच सोडायला शिका, आठवडाभर दुसरं काही नको. मग रविवारी सकाळी शाळेपर्यंत रिकामी फेरी मारा, शेजारी कुणाला तरी बसवून. त्या माणसाला एकच अट घाला, ‘अगं अगं’ म्हणायचं नाही. क्लचचा त्रास नकोच असेल तर ऑटोमॅटिक घ्या. ज्यांना गाडी येत नाही त्यांच्यासाठी ती असते, असं म्हणणाऱ्यांनी रोज हातकणंगल्याच्या गर्दीत पाय झिजवून दाखवावा. फक्त स्वस्तातल्या ऑटोमॅटिक गाड्या चढावर सुटताना थोड्या मागं येतात, म्हणून चढावर धरून ठेवणारी सोय आहे का ते बघून घ्या.

मी लहान असताना वडिलांच्या खांद्यावर बसून दसरा चौकात कोल्हापूरच्या छत्रपतींची मेबॅक मोटार बघितली. १९३० च्या दशकातली ती गाडी अजून दसऱ्याला बाहेर पडते, आणि आजही मी गर्दीत उभा राहून आधी तिच्या इंजिनाचा आवाज ऐकतो, मग सोनं लुटायला जातो. तुमची गाडी दसऱ्याला दारात यावी ही इच्छा मला मनापासून पटते. पण त्या दिवशी शोरूममध्ये इतकी झुंबड असते की गाडी तपासायला कुणी वेळ देत नाही. तपासणी चार दिवस आधी करा: टायरवरचा आठवडा आणि वर्षाचा शिक्का, चॅसी नंबर, किलोमीटरचा आकडा, रंगावरचे ओरखडे. हार आणि लिंबू दसऱ्याला.

राहिली दिरांच्या बोलण्यातली खरी गोष्ट. उंच गाडी हवी, एवढं त्यांचं बरोबर आहे, पण कारण वेगळं आहे: सासूबाईंचे गुडघे. सीट खाली असली की बसताना गुडघ्यावर सगळा भार येतो आणि उतरताना तर माणूस अडकतोच. सीट कमरेच्या उंचीला असली की नुसतं टेकायचं आणि पाय आत घ्यायचे. तुमच्या पत्रातल्या सगळ्या मतांत सासूबाईंचं हे एकच मत त्या गाडीत खरोखर बसणाऱ्या माणसाचं आहे, आणि ते सगळ्यात थोडक्यात सांगितलेलं आहे. येत्या शनिवारी दोन-तीन छोट्या पण जरा उंच गाड्या निवडा, चार मीटरच्या आतल्या. घरातल्या सगळ्यांना घेऊन, एसी लावून जोतिबाचा चढ चढा, मध्ये एकदा थांबून हँडब्रेकवर गाडी सोडवून बघा. वर पोचलात की सासूबाईंना म्हणा, ‘उतरा.’ दाराचा आधार न घेता, कुणाचा हात न धरता त्या ज्या गाडीतनं उतरतील, तिचं बुकिंग करा.